खिडकीचे ब्लाइंड्स आणि रांगतं मूल: लोंबत्या दोऱ्यांचा बंदोबस्त कसा करायचा

घरात मूल रांगायला लागलं की आपण प्लगच्या भोकांना झाकणं लावतो, टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम चिकटवतो, फिनेलची बाटली वरच्या फळीवर नेतो. खिडकीला ग्रिल तर आधीपासूनच असतं. त्याच खिडकीच्या ब्लाइंडला, म्हणजे दोरी-साखळीने वर-खाली होणाऱ्या पडद्याला, लोंबणारी मण्यांची साखळी मात्र कुणाच्या यादीत नसते. ती दिसायला नाजूक आणि सजावटीचा भाग. मुलाला तर ती खेळणंच वाटते.

अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने तिथे ब्लाइंड्स-पडद्यांच्या दोरीचा गळफास बसून दरवर्षी ५ वर्षांखालची सरासरी ९ मुलं दगावतात. ब्रिटनमध्ये अशा अपघातांकडे पाहिल्यावर दिसलं की सर्वांत जास्त धोका १६ ते ३६ महिन्यांच्या मुलांना असतो आणि बहुतेक घटना बेडरूममध्ये घडतात. म्हणजे ‘झोपलंय बाळ’ म्हणून आपण स्वयंपाकघरात निर्धास्त असतो तेव्हा.

या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात आणि श्वासनलिका मऊ असते. पाय घसरून मूल दोरीच्या फाशात अडकलं की त्याच्या स्वतःच्याच वजनाने गळा आवळतो. जमिनीपासून पूर्ण वर लटकायचीही गरज नसते, गुडघ्यावर असलेलं मूलसुद्धा अडकू शकतं. ओरडता येत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीतही काही कळत नाही. सारा प्रकार एक-दोन मिनिटांचा. म्हणून ‘आम्ही लक्ष ठेवतो’ हा या बाबतीत उपाय होऊच शकत नाही. दोरी काढून टाका. ते जमेपर्यंत ती ताणून पक्की बसवा. खाली लिहिलेली सगळी कामं याच क्रमाने विचार करून लिहिली आहेत.

आज रात्री झोपण्यापूर्वी

याला ड्रिल लागत नाही, पैसे लागत नाहीत. बाळाचा पाळणा, कॉट, दिवाण, सोफा, खेळण्यांची पेटी, अभ्यासाची खुर्ची, जे जे चढण्यासारखं खिडकीखाली आहे ते सगळं तिथून हलवा. आपल्याकडे दीड-दोन खोल्यांच्या घरात पलंग खिडकीला चिकटलेला असणं हे अगदी ठरलेलं. वारा लागतो, जागा वाचते. खोली लहान असेल आणि पलंग हलवणं शक्यच नसेल, तर त्या एका खिडकीचा ब्लाइंड सरळ उतरवा आणि साधा कापडी पडदा लावा. बाकीच्या खिडक्या नंतर बघता येतील.

मग उरलेल्या साखळ्या आणि दोऱ्या उचलून वरच्या पट्टीवर किंवा पडद्याच्या रॉडवर टाका आणि कपड्यांच्या चिमट्याने धरून ठेवा. दोरी लांब वाटते म्हणून तिला गाठी मारू नका. गाठीमुळे दोरीत आणखी फासे तयार होतात आणि मूळ फासा तसाच राहतो. हा बंदोबस्त दोन-चार दिवसांपुरता आहे, कारण चिमटा रोज सकाळी निघणार आणि कधीतरी परत लागणार नाही.

घर एकदा गुडघ्यावर बसून बघा

उभं राहून पाहिलं तर फक्त ओढायची दोरी दिसते. मुलाच्या उंचीवरून पाहिलं की ब्लाइंडच्या मागची दोरी, पट्ट्यांच्या मधली दोरी, खालच्या टोकाशी लोंबणारं गोंड्याचं वेटोळं हे सगळं दिसू लागतं. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यावी: व्हेनेशियन (आडव्या पट्ट्यांचे), रोमन (घड्या पडत वर जाणारे कापडी) आणि बांबूच्या चिकाच्या पडद्याची दोरी ब्लाइंड *वर* घेतल्यावर सर्वांत लांब होते. दिवसा उजेडासाठी ब्लाइंड वर असतात आणि मूलही दिवसाच खेळत असतं. तेव्हा तपासणी ब्लाइंड वर घेऊनही करा, खाली सोडूनही करा.

किती दोरी म्हणजे जास्त? कॅनडाचा २०२१ पासूनचा नियम मोजायला सोपा आहे. हाताला लागणारी सुटी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको आणि दोरीचा फासा ४४ सेंटिमीटरच्या घेरापेक्षा मोठा होता कामा नये. ४४ सेंटिमीटर घेर म्हणजे साधारण १४ सेंटिमीटर व्यास, चहाच्या बशीएवढा. ४४ सेंटिमीटर सुतळीचं एक कडं करून हातात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दोरी ओढून बघा. तयार होणारं वेटोळं त्या कड्याहून मोठं असेल तर ती खिडकी कामाच्या यादीत घ्या.

रोलर आणि झेब्रा ब्लाइंड: मण्यांची साखळी

गेल्या काही वर्षांत नव्या फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त दिसतात ते हेच, आणि दुरुस्तीला सर्वांत सोपेही हेच. यांची साखळी ही मुळातच एक बंद फासा असते. तिच्यासोबत बहुतेक वेळा एक छोटी प्लास्टिकची क्लिप येते, जी साखळीच्या तळाशी अडकवून भिंतीला स्क्रूने बसवायची असते. बसवणारा कारागीर ती बऱ्याचदा लावतच नाही. टाइल्सला आणखी दोन भोकं पाडायची, वर घरमालक कुरकुर करणार, त्यापेक्षा क्लिप पुड्यात ठेवलेली बरी. कपाटातल्या खणात ब्लाइंडचा पुडा असेल तर आधी तो शोधा. नसेल तर दुकानदाराकडून ‘साखळी भिंतीला धरायची क्लिप’ म्हणून मागून घ्या, महाग वस्तू नाही.

बसवताना ब्लाइंड पूर्ण खाली सोडा. साखळी क्लिपमधून ओवून घ्या आणि क्लिप सरळ खाली ओढून भिंतीवर किंवा चौकटीच्या बाजूला टेकवा. साखळी ओळंब्यात हवी. तिरकी गेली तर वरच्या क्लचवर, म्हणजे साखळीने फिरणाऱ्या चाकावर, घासते आणि काही महिन्यांत मणी उडायला लागतात. ताण इतका ठेवा की दोन्ही पदर एकमेकांना समांतर राहतील, पण साखळी सहज फिरेल. पेन्सिलने भोकांची खूण करण्याआधी ब्लाइंड एकदा पूर्ण वर-खाली करून बघा.

ड्रिल करण्यापूर्वी खिडकीच्या आसपास स्विचबोर्ड किंवा एसीचा पॉइंट आहे का ते पाहा, कारण वायरिंगचा पाइप बोर्डापासून सरळ वर किंवा खाली गेलेला असतो. टाइल असेल तर खुणेवर कागदी टेप लावा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून हळूहळू टाइल भेदा आणि आतला सिमेंटचा थर लागला की मग हॅमर सुरू करा. साधारण ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी आणि स्क्रू. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असेल तर खालच्या ट्रॅकमध्ये भोक पाडू नका, पावसाचं पाणी तिथून आत झिरपेल; बाजूची भिंत बरी. जिप्सम किंवा पीओपीच्या पोकळ भागात साधी गिट्टी टिकत नाही, एका ओढीत क्लिपसकट बाहेर येते. तिथे पोकळ भिंतीची खास गिट्टी वापरा किंवा जागा बदला.

दुहेरी टेपने क्लिप चिकटवायचा मोह भाड्याच्या घरात होतोच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती टेप एक पावसाळासुद्धा धड काढत नाही, आणि हट्टाला पेटलेलं दोन वर्षांचं पोर दोन्ही हातांनी लोंबकळलं तर तिथेच संपलं. घरमालकाला दोन भोकांबद्दल विचारून घ्या. घर सोडताना पुट्टी भरायला पाच मिनिटं लागतात.

क्लिप बसल्यावर खात्री करा: साखळी बोटांनी बाजूला ओढा आणि दोन पदरांमध्ये किती फट पडते ते बघा. सुतळीच्या कड्याएवढी फट पडत असेल तर क्लिप आणखी खाली सरकवायला हवी. साखळीच खूप लांब असेल तर दुकानदाराकडून आखूड साखळी घ्या. युरोपात २०१४ च्या मानकांनुसार साखळीचा तळ जमिनीपासून निदान १.५ मीटर वर राहायला हवा. आपल्या घरीही तेच माप धरायला हरकत नाही. घरी साखळी कापून जोडणार असाल तर एवढं सांभाळा की जोडाचा मणी क्लचमधून जात नाही. तो चुकीच्या जागी आला की ब्लाइंड अर्ध्यावर अडकतो आणि मग घरातलं कुणीतरी वैतागून क्लिपच काढून टाकतं.

व्हेनेशियन: पट्ट्यांचे ब्लाइंड

इथे तीन निरनिराळ्या दोऱ्या आहेत आणि तिन्हींकडे वेगळं बघावं लागतं.

पहिली, ओढायची दोरी. दोन-तीन दोऱ्या खाली एकाच गोंड्यात बांधलेल्या असतील तर तोच फासा. गोंड्याच्या वर कात्री लावा, दोऱ्या वेगळ्या करा आणि प्रत्येकीला स्वतंत्र छोटा गोंडा घाला. वर दोऱ्या एकत्र करणारा मणी किंवा गाठ असेल तर तीही सोडवा.

दुसरी, पट्ट्यांच्या मधून जाणारी आतली दोरी. ही लोकांना ठाऊकच नसते. ब्लाइंड खाली असताना पट्ट्यांमध्ये हात घालून ती ओढली की भलंमोठं वेटोळं बाहेर येतं. अमेरिकेत याच कारणाने नोव्हेंबर २००० मध्ये कोट्यवधी ब्लाइंड्स दुरुस्तीसाठी परत मागवले गेले. उपाय म्हणजे ओढायच्या दोरीवर एक छोटा अडसर बसवणं. ब्लाइंड पूर्ण खाली असताना वरच्या पट्टीपासून अडीच ते पाच सेंटिमीटर खाली तो दोरीवर घट्ट करायचा. मग आतून दोरी ओढली तरी अडसर वरच्या पट्टीला अडतो आणि वेटोळं तयार होत नाही. बसवल्यावर आतली दोरी स्वतः ओढून पाहा, नाहीतर केलेलं काम वाया.

तिसरी, पट्ट्या धरणारी शिडीसारखी बारीक दोरी. तिच्यातली घरं लहान असतात, तिकडे फार लक्ष देण्याची गरज नाही.

ओढायची दोरी उरलीच, ती गुंडाळायला भिंतीवर दोन शिंगांचा हुक लावा. ऑस्ट्रेलियाच्या नियमात तो जमिनीपासून निदान १.६ मीटर उंच असावा लागतो. दोरी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पूर्ण गुंडाळायची, शेपूट सोडायचं नाही. पण खरं सांगायचं तर हा उपाय सगळ्यांत कमजोर आहे. तो घरातल्या प्रत्येकाने, पाहुण्याने आणि घरकामाच्या मावशींनीही दर वेळी न चुकता पाळायला हवा. खिडकी मुलाच्या खोलीतली असेल तर हुकावर विसंबू नका.

रोमन आणि गुंडाळीचे पडदे

यांच्याबद्दल माझं मत सरळ आहे: लहान मूल असलेल्या घरात दोरीचे रोमन पडदे नकोत. यांची दोरी कापडाच्या *मागे* कड्यांमधून वर जाते, आणि मुलं पडद्यामागे लपतात हे सांगायला नको. दोन कड्यांमधली मागची दोरी ओढली की फासा तयार. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेत रोमन आणि गुंडाळीच्या प्रकारचे मिळून ५ कोटींहून अधिक पडदे परत मागवले, तेव्हा अनेक नामांकित दुकानांचा माल त्यात होता. महागाचा पडदा म्हणजे सुरक्षित पडदा असं काही नाही. कापड आवडीचं असेल तर दर्जीकडून तेच रॉडवर घालायच्या साध्या पडद्यात बदलून घ्या.

बाल्कनीतला बांबूचा चिक हा त्याच जातीचा. वर कप्पी, खाली लांब सुती किंवा नायलॉनची दोरी, आणि ती दिवसभर वेटोळं होऊन फरशीवर पडलेली. चिक ठेवायचाच असेल तर मूल मोठं होईपर्यंत तो एका ठरावीक उंचीला कायमचा बांधून टाका, गाठ वर मारा आणि उरलेली दोरी कापा. रोज वर-खाली करायची सोय जाते, पण बाल्कनीच्या कठड्याजवळ लोंबती दोरी आणि चढायला उत्सुक मूल ही जोडी कुणाला हवी?

व्हर्टिकल ब्लाइंड आणि कापडी पडदे

व्हर्टिकलमध्ये, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंडमध्ये, दोरी आणि साखळी दोन्ही बाजूला लोंबतात. दोन्ही काढून काठीने चालणारी यंत्रणा बसवून घेता येते. खाली पट्ट्यांना जोडणारी बारीक साखळीही मुलाच्या हाताशी येते. ती काढली तर पंख्याच्या वाऱ्याने पट्ट्या थोड्या हलतात, बाकी काही बिघडत नाही.

साधा पडदा सर्वांत निर्धोक, फक्त तो बांधून ठेवायचा पट्टा उंचावर हवा किंवा चुंबकाचा हवा. दोरीने सरकणारा पडदा असेल तर त्याची दोरीही खाली ताणून पक्की करावी लागते.

मोटरचे ब्लाइंड

मोबाइलवरून किंवा रिमोटवर चालणाऱ्या ब्लाइंडला दोरी नसते, त्यामुळे हा प्रश्न मुळातच सुटतो. दुसरा एक मात्र घरात येतो. यांच्या रिमोटमध्ये अनेकदा नाण्यासारखा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजू शकतो. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारा रिमोट घ्या, नाहीतर रिमोट भिंतीवर उंच बसवा. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा. मोटरची चार्जिंगची वायरही लोंबती ठेवू नका, ती दोरीच झाली.

नवीन घेताना

दुकानात कापडाचे नमुने बघण्यात तासभर जातो, यंत्रणेबद्दल कुणी विचारत नाही. पहिलाच प्रश्न ‘बिनदोरीचा दाखवा’ असा टाका. रोलरमध्ये स्प्रिंगचा प्रकार मिळतो, खालची पट्टी हाताने धरून वर-खाली करायची. व्हेनेशियन आणि मधमाशीच्या पोळ्यासारख्या घड्यांच्या ब्लाइंडमध्येही बिनदोरीचे प्रकार आहेत. फार रुंद खिडकीला स्प्रिंग जड जाते. तिथे एकाऐवजी दोन अरुंद ब्लाइंड शेजारी लावता येतात.

साखळीचाच घ्यायचा झाला तर ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या: साखळीची लांबी किती, भिंतीची क्लिप दरात धरली आहे का, आणि ती बसवून देणार का. पूर्ण पैसे क्लिप बसल्यावरच. कारागीर शिडी घडी करायच्या आत तुम्ही स्वतः साखळी ओढून बघा. त्याला राग येत नाही, फार तर ‘पहिल्यांदाच कुणी विचारलं’ म्हणेल.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: तिथे तयार मापात विकल्या जाणाऱ्या ब्लाइंड्सना डिसेंबर २०१८ पासून बिनदोरीचं असण्याची किंवा दोरी हाताला न लागण्याची अट आहे, आणि मापाने करून घेतलेल्यांसाठी नियम जून २०२४ पासून कडक झाले. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मात्र त्याआधीचे जुने ब्लाइंड तसेच असतात. तिथल्या विंडो कव्हरिंग सेफ्टी कौन्सिलकडून दुरुस्तीचं साहित्य मोफत मिळतं, आणि मूल असल्याचं सांगून घरमालकाकडे बिनदोरीचे ब्लाइंड मागायला संकोचू नका. नातवंडांसाठी तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी पहिल्याच दिवशी खिडक्यांवरून एक नजर फिरवावी.

एक जोड सूचना, जुन्या प्लास्टिकच्या ब्लाइंड्सबद्दल. १९९६ मध्ये अमेरिकेत आढळलं की आयात केलेल्या काही व्हिनाइल मिनी-ब्लाइंड्समध्ये प्लास्टिक टिकाऊ करण्यासाठी शिसं घातलेलं होतं. उन्हाने प्लास्टिक झिजलं की शिशाची धूळ पट्ट्यांवर साचते आणि मुलं हात तोंडात घालतात. पिवळे पडलेले, भुगा सुटणारे जुने प्लास्टिक ब्लाइंड धुवून वापरत बसू नका, काढून टाका.

मूल अडकलेलं दिसलं तर

सगळ्यांत आधी दोन्ही हातांनी मुलाला उचलून वर धरा, म्हणजे गळ्यावरचा ताण जातो. मग दोरी सोडवा किंवा कापा. कात्री शोधायला मुलाला सोडून पळू नका, उचलून धरलेल्या अवस्थेतच हाका मारा. दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाका. श्वास चालत नसेल तर लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. मुलांचा सीपीआर मोठ्यांपेक्षा वेगळा असतो, तो प्रत्यक्ष बाहुलीवर शिकून घेण्यासारखा आहे. अनेक हॉस्पिटलं असे वर्ग घेतात.

मूल लगेच रडायला लागलं, खेळायला लागलं, तरी त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखवा. गळा आवळला गेल्यावर आत येणारी सूज काही तासांनी वाढू शकते. आवाज बसणं, गिळताना त्रास, श्वासाला घरघर किंवा डोळ्यांत लाल ठिपके दिसले तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

पुढची देखभाल

प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होतात, स्क्रू समुद्राजवळ गंजतात. दिवाळीच्या साफसफाईत ब्लाइंड पुसायला घेतोच, तेव्हा प्रत्येक क्लिप ओढून बघा आणि पावसाळा संपल्यावर एकदा स्क्रू आवळा. गावच्या घरी, हॉटेलात किंवा पाळणाघरात गेलात तर मुलाची गादी टाकण्याआधी खिडकीची दोरी वर टाका. पाळणाघराच्या ताईंना क्लिपबद्दल विचारायचं असेल तर मुलाचं नाव घालताना विचारा, तेव्हा ऐकलं जातं.